आण्णासाहेबांच्या रानातला तांदुळजा

वाशी, १२ जुलै

ती. बानूआत्यांस हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही 'बरं' म्हणून ठेवून देता, म्हणून लिहिते. परवा जळकोटला येऊनही भेटले नाही. आण्णासाहेबांच्या सोयाबीनवर ड्रोननं तणनाशक फवारलं आणि लगेच पुढच्या गावी गेले. पेपरात फोटो आलाय, मथळा 'बांधावरच्या बायांची क्रांती'. आई म्हणते, मी वीजबिल वसूल करायला आल्यासारखी दिसते.

यंदा तुमच्या खुरपणीच्या टोळीला काम कमी पडेल, हे मला कळतं. भेटीत बोलू. तोवर माया असू द्यावी.

तुमची,
हर्षाली

जळकोट, १७ जुलै

चि. हर्षालीस आत्याचे आशीर्वाद.

फोटो पाहिला. तुझी आई खोटं बोलत न्हाय.

आमच्या टोळीतली कडूबाई दवाखान्यात हाय. खुरपायला बोलावलं न्हाय तरी पावसाळ्यात आमी बाया रानात भाजीला जातोच, त्याला कुणाची परवानगी लागत न्हाय. तू फवारलंस त्याच सांजंला तिनं आण्णासाहेबाच्या रानातून ओटीभर तांदुळजा नेला. हिरवागार दिसत व्हता. पोरं मामाकडं व्हती म्हणून वाचली. तिच्या उलट्या थांबंनात.

आण्णासाहेब म्हणतात, हर्षालीनं रानात कुणाला सोडू नका म्हणून बजावलं व्हतं, पण भाजीला कोण येतं ते मला काय ठाऊक. त्यांचं ऱ्हाऊ दे. तू माझ्याबरोबर तांदुळजा खुडलास. तुला तर ठाऊक व्हतं ना?

आत्या

वाशी, २० जुलै

ती. आत्यांस शि. सा. न.

ठाऊक होतं. फवारणीआधी शेतमालकाला सूचना द्यायची, एवढंच आम्हाला शिकवलं. ती मी दिली. तुमच्या आळीवरूनच गाडी नेली, थांबवली नाही. तुमचं काम मी काढून घेतलं, हे तुमच्या तोंडावर सांगणं टाळलं. त्यातच रानातली भाजी खुडू नका, हेही सांगायचं राहिलं.

औषधाचं नाव आणि प्रमाण डॉक्टरांना कळवलंय. उद्या येते. कडूबाई बोलतील ते ऐकेन. रागावा, पण परकी करू नका.

हर्षाली

जळकोट, २८ जुलै

चि. हर्षालीस आशीर्वाद.

कडूबाई घरी आली. जीव वाचला, अंगात ताकद न्हाय. तू दवाखान्यात तिच्याजवळ मुकी बसून ऱ्हायलीस, म्हणून ती मला इचारत व्हती, पोरीला जीभ हाय का न्हाय.

सोमवारी बिभीषणच्या रानात तुझी फवारणी हाय म्हणं. आदल्या दिवशी ये, घरोघरी सांग. आमी भाजी आधीच काढून घिऊ. खुरपणीचं काम कमी पडंल, तेबी तूच सांग. बाया शिव्या देतील, ऐकून घे.

कडूबाई ओट्यावर बसणार हाय. तिच्याच घरापासून सुरू कर.

तुझीच,
आत्या