पोहणाऱ्या पोरींचा भाव

सीडर बेंड, आयोवा
१२ जून

चि. लेनोर हिस,
अ. उ. आ.

फोनवर आपल्या दोघींचं तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून यापुढे पत्रंच लिहायची असं ठरलं होतं. ते पाळते आहे.

मॅरेन शिकागोला सुखरूप पोचली, हे मला तिने मैत्रिणींसाठी टाकलेल्या फोटोवरून कळलं. तळ्याकाठी मावशी-भाची आइस्क्रीम खाताहेत, आणि पोरीच्या डोक्यावर तुझी गवती टोपी. शोभते तिला. मी वाढदिवसाला दिलेली टोपी इथे खुंटीवर लटकते आहे.

उन्हाळाभर पोहण्याचा सराव बुडवून ती तुझ्या ऑफिसात बसणार आणि कुठल्या कॉलेजचे खेळ विकायला काढले तर किती डॉलर येतील ते मोजणार. विकायचं कुणाला नाही, घ्यायचं कुणाला नाही, भाव मात्र काढायचा. लहानपणी आपण शेजारच्या गाईंचे भाव करायचो, त्यातलाच प्रकार. तिला विचारलं, यात तुला गोडी कसली, तर म्हणाली की मावशी समजावते तेव्हा डोक्यात दिवा लागतो. सहा वर्षांची असल्यापासून मी तिला पाण्यात समजावते आहे. तेव्हा एखादी काडी पेटल्याचंही ऐकलं नव्हतं. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते उगाच नाही.

तिला भाज्या खायला लाव. मी जळते आहे तरी तुझीच आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
आर्डिसताई


शिकागो
२५ जून

ती. आर्डिसताई हिस,
सा. न. वि. वि.

गाईंच्या भावात मी तेव्हाही तुझ्यापेक्षा हुशार होते, हे तू सोयीने विसरलीस.

अगं, आमचं काम एवढंच. टीव्हीवाले किती देतात, तिकिटं किती खपतात, जुने विद्यार्थी देणग्या किती देतात, खर्च काय होतो, हे सगळं बघून एका विद्यापीठाच्या सगळ्या खेळांची मिळून एक किंमत काढायची. ऑगस्टअखेर वर्तमानपत्रात यादी येते. तुमचं विद्यापीठही तिच्यात असेल. तू तिथली प्रशिक्षक, मॅरेन तुझ्या संघात, म्हणून तो हिशेब मी दुसऱ्यांकडे दिला आहे आणि मॅरेनलाही त्याच्या जवळ फिरकू दिलेलं नाही. नंतर तुझ्या शिव्या नकोत.

भाज्या खात नाही. रोज सकाळी तळ्यात पोहते मात्र. मी थर्मास घेऊन काठावर बसते आणि ती थंडीने कुडकुडेल म्हणून उगाच काळजी करते. ती माझ्याकडे ढुंकून बघत नाही.

राग थोडा कमी कर, माया आहे तेवढीच राहू दे.

तुझी धाकटी,
लेनोर


सीडर बेंड
३० ऑगस्ट

चि. लेनोर,
आशीर्वाद या खेपेला गृहीत धर.

यादी आली. आमचे खेळ एकोणीस कोटी डॉलरचे निघाले. त्यात सगळं पुण्य फुटबॉलचं. आमच्या पोहण्यासमोर तोटा लिहिलाय. क्रीडासंचालक व्हॉस्लर यांनी वर्तमानपत्र माझ्यासमोर टेबलावर पसरलं आणि मऊ आवाजात सांगितलं की पोहणं बंद केलं तर हा आकडा चढेल, तेव्हा हा हंगाम शेवटचा समजावा. ऑक्टोबरात विश्वस्त शिक्का मारतील. त्यांच्या खिडकीतून फुटबॉलची नवी इमारत दिसते. तिथे पोरांचे केस कापायला न्हावीसुद्धा ठेवलाय. माझ्या स्विमिंग पूलच्या फरशा निघाल्यात, त्या मी स्वतः चिकटवते.

घरी येऊन मॅरेनला सांगितलं. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली की आई, आकडा खोटा नाहीये. लेनोर, व्हॉस्लर मला एवढे लागले नाहीत जेवढं हे वाक्य लागलं. वीस वर्षं ती माझी लेक होती. एका उन्हाळ्यात तू तिला तुझ्या जातीची करून पाठवलीस.

उत्तराची घाई करू नकोस. आत्ता माया शोधावी लागेल मला.

आर्डिस


शिकागो
९ सप्टेंबर

ती. ताई,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तरी खरं तेच लिहिते. आकडा खोटा नाही, पण व्हॉस्लरना जे विचारायचं आहे, त्याचं उत्तर त्या आकड्यात नाही. आमची यादी फक्त खेळखात्याची कमाई बघते. तुझ्या संघातल्या बहुतेक मुली स्वतःची फी भरतात. त्या पोहण्यासाठी तुमच्याकडे आल्या, पोहणं बंद झालं की दुसरीकडे जातील. ती फी विद्यापीठाला मिळते, खेळखात्याला नाही, म्हणून तुझा तोटा दिसतो आणि कमाई दिसत नाही.

हे मला सुचलं नाही. मॅरेनने परवा फोन करून सांगितलं, आणि मी एवढी वर्षं या धंद्यात असून कबूल करते की मी तसं पाहिलंच नव्हतं. विश्वस्तांपुढे तिला स्वतः बोलायचं आहे. तुला सांगायची तिला भीती वाटते, कारण तू तिच्याशी बोलत नाहीस. मी येते, पण बोलेल तीच.

दार उघडशील अशी आशा धरून,
तुझी लेनोर


सीडर बेंड
२० ऑक्टोबर

चि. लेनोर हिस,
अ. उ. आ.

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. आभार आधी मानते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. पोहण्याला तीन वर्षांची मुदत मिळाली. बैठकीत मॅरेनने फीचा हिशेब मांडला, तेव्हा व्हॉस्लरनी तिला विचारलं की या मुली जातीलच कशावरून. ती शांतपणे म्हणाली की मी स्वतः जाईन, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या पोरींपैकी ज्यांना जायचं असेल त्यांनी उभं राहावं. सगळा संघ उभा राहिला. मीही उठले. मला कुणी विचारलंच नव्हतं.

पण बाहेर आल्यावर ती मोत्यांच्या माळेवाली विश्वस्त बाई तुला म्हणाली की मुलगी अगदी तुमच्यावर गेली आहे. आणि तू ते लगेच खोडलं नाहीस. मी पाहत होते. मग हसून माझ्याकडे बोट केलंस, पण आधी जरा थांबलीस. माझा संघ तू वाचवलास, माझी लेक तुझ्यासारखी बोलते, आणि वर मी तुझे आभार मानायचे. घास चांगला आहे गं, पण घशाखाली उतरत नाही.

जसं आहे तसं लिहिलं, तू तसंच समजून घे.

आर्डिसताई


शिकागो
२ नोव्हेंबर

ती. ताई,
सा. न. वि. वि.

हो, थांबले. त्या बाईचा गैरसमज थोडा वेळ मला हवासा वाटला. मला तसं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

आता माझंही ऐक. दुसऱ्या दिवशी मी शर्यत बघायला थांबले होते. मॅरेन दुसरी आली. मी बाकावर चढून, दोन्ही हात वर करून तिच्या नावाने ओरडत होते, माझा घसा अजून बसलेला आहे. तिने भिंतीला हात लावला, चष्मा वर केला, आणि वेळ दाखवणाऱ्या पाटीकडेही न बघता तुला शोधलं. तू मान किंचित हलवलीस, बस, एवढंच. ती हसली. मी उतरून खाली बसले. माझ्या शेजारच्या माणसाने विचारलं की तुमचं कुणी आहे का पाण्यात, तर मी नाही म्हटलं.

तेव्हा जळण्याचा मक्ता एकटीने घेऊ नकोस. मलाही त्यात वाटा दे.

तुझीच धाकटी,
लेनोर


सीडर बेंड
११ नोव्हेंबर

चि. लेनोर हिस,
अ. उ. आ.

तू जळतेस हे वाचून मला बरं वाटलं. लपवत नाही.

मॅरेनने काल सांगितलं की पदवी हातात पडली की ती तुझ्याच ऑफिसात नोकरी धरणार. मी चांगलं आहे म्हटलं, आणि पूलवर जाऊन पहिल्या वर्षाच्या एका गरीब पोरीवर तिची काही चूक नसताना ओरडले. मग तिची माफी मागितली. तुझी अजून मागितलेली नाही, ती समोरासमोर मागेन. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ये. मॅरेन तुझी खोली झाडते आहे, माझी तिने कधी झाडली नाही.

वाट बघणारी,
तुझी ताई

ता. क. टर्की मी करते, क्रॅनबेरीची चटणी तू आण. नको, चटणीही मीच करते. मागच्या वर्षी पोरीने तुझी चटणी वाटी चाटून संपवली होती. तू नुसती ये.