काविळीचं औषध बंद केलं, आई

प्रिय आई,

परवा रविवारी सकाळी दारात आलेल्या माणसाला मी काविळीचं औषध न देताच परत पाठवलं. मंद्रूपहून तुझं नाव विचारत आला होता. जाताना त्याची बायको म्हणाली, "आक्का आसत्या तर आसं केलं नसतं त्यांनी." ही गोष्ट दुसऱ्या कुणी तुझ्या कानावर घालण्याआधी मीच सांगावी, म्हणून लिहायला बसले.

तू जाण्याच्या महिनाभर आधी मला ते मूळ ओळखायला शिकवलंस. ताकात उगाळायचं कसं, रविवारी उपाशीपोटी द्यायचं कसं, सगळं दाखवलंस. वर दोन गोष्टी वदवून घेतल्यास. कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि दारातून कुणाला परत पाठवायचं नाही. पहिली पाळली. दुसरी परवा मोडली.

मोडली ती तुझ्या जावयांच्या आजारपणामुळे. चिंचोळीच्या कारखान्यात सगळ्या कामगारांची तपासणी झाली, त्यात यांच्या लिव्हरचं काहीतरी निघालं. मग सोनोग्राफी, रक्त, आणखी कसल्या कसल्या तपासण्या. डॉक्टर म्हणाले सिरॉसिस. सुरुवातीचा आहे, वेळेत सापडला. आमच्या कॉलनीत बातमी दोन दिवसांत पसरली आणि जो तो आवाज खाली आणून विचारू लागला, "घेतात का हो?" अगं, लग्नातल्या विड्यातली सुपारीसुद्धा काढून ठेवणारा माणूस, तो काय घेणार!

कारण वेगळंच होतं. हिपॅटायटिस बी. वर्षानुवर्षं आत बसून होता. नऊ वर्षांपूर्वी यांचे डोळे पिवळे झाले होते, आठवतं? तीन रविवार तू ताक पाजलंस, डोळ्यांतला पिवळेपणा गेला आणि आपण पुरणपोळी केली. रक्त तपासावं असं तुझ्याही मनात आलं नाही, माझ्याही नाही. डॉक्टर म्हणतात, कावीळ हा आजार नव्हे, आजाराची खूण. खूण गेली आणि आपण समजलो, आजार गेला.

पुढचं लिहायला लाज वाटते. निदान झाल्यावर मावशीचा फोन आला. "तुज्या आईनं आर्ध्या तालुक्याची कावीळ उतरवली, आन् तू घरच्या मानसाला गोळ्या खायाला घालतीस व्हय?" ते मला फार लागलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी झाडपाल्याचं काही द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. तरी मी गॅलरीतल्या कुंडीतलं मूळ काढलं आणि तीन रविवार यांना ताकातून दिलं. कडूपणा लपावा म्हणून जिरं-कोथिंबीर सढळ हातानं घातली. यांना सांगितलं नाही.

पुढच्या तपासणीत आकडे चढले. "काही गावठी औषध घेतलंत का?" डॉक्टरांनी विचारलं. हे शांतपणे नाही म्हणाले. मला राहवेना, मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं कागदावर लिहून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बाहेर रिक्षा शोधताना मी म्हटलं, "चुकलं माझं. तुम्हाला न सांगता पाजलं."

"म्हाईत होतं की," हे म्हणाले. "पैल्या घोटालाच वळखलं. मामींचं ताक इसरंन व्हय मी?"

"मग प्यालात कशाला?"

"तू आदीच लई घाबरल्याली. म्हनलं, तेवढाच तुला आदार."

माझा धीर सुटू नये म्हणून हा माणूस स्वतःचा जीव पणाला लावून गुपचूप ताक पीत होता, आई. भर रस्त्यात उभी राहून रडले मी.

ताक त्या दिवसापासून बंद केलं, महिन्याभरात आकडे उतरले. आता रोज एक गोळी, सहा महिन्यांनी सोनोग्राफी, मीठ बेतानं. शेंगाचटणी अळणी लागली की ताटाकडे बघून मोठा सुस्कारा टाकतात. मी तिकडे लक्ष देत नाही. माझं आणि लेकीचं रक्तही तपासून झालं, लस झाली. असंच सांभाळलं तर पुष्कळ वर्षं आहेत, असं डॉक्टर म्हणतात.

परवाच्या त्या माणसाचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. मी म्हटलं, औषध बंद केलंय, आधी रक्त तपासा. दोघं रागानं उठले. तेवढ्यात हे पायांत चपला सरकवून त्यांच्यामागे जिन्यात गेले. काय बोलले कोण जाणे, पण तिघं एकाच रिक्षात बसून दवाखान्यात गेले. त्याला तिथंच ठेवून घेतलंय. आणखी चार दिवस गेले असते तर अवघड होतं म्हणे.

तुझ्यावर राग नाही. तू मनापासून दिलंस, आणि पुष्कळांची कावीळ आपोआपच उतरते, हेही आता कळलंय. पण एक विचारायचं राहून गेलं. तू म्हणायचीस, "मानूस परत आला न्हाय, म्हंजी बरा झाला." त्यातल्या एकाच्या तरी घरी जाऊन बघितलंस का गं कधी?

मी शब्द देते. येईल त्याला बसवीन, पाणी देईन आणि रक्त तपासायला त्याच्यासोबत जाईन. पंधरा दिवसांनी त्याच्या घरी फोनही करीन. पलीकडून काय ऐकायला मिळेल याची भीती वाटली, तरी करीन.

तुझीच,
सुमन