जुन्या दुनळीची काडतुसं

प्रिय मेव्हिस,

तुझं पत्र टेबलावर आहे. रोज उत्तर लिहायला बसतो आणि चहा करायला म्हणून उठतो तो उठतोच. खाडीवर रानहंस उतरलेत, पहाटे त्यांच्या कलकलाटानं जाग येते. माझी कुत्री टेस मागच्या हिवाळ्यात गेली. तू तिला पाहिलंच नव्हतंस. दुसरी आणली नाही. घरात आवाज असावा म्हणून रेडिओ चालू ठेवतो, अगदी बाजारात जातानासुद्धा.

तुझ्या बाबांकडे मी दर रविवारी जातो. तू लीड्सला निघून गेलीस तेव्हा गावाला वाटलं, आता सासरा-जावई एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या रविवारी मी घरीच बसलो, तर हेडली चिखलाच्या बुटांनी दारात उभे. म्हणाले, "ती मला सोडून गेली, तुलाही सोडून गेली, ते झालं. काडतुसं भरायची राहिलीत ती कोण भरणार?"

त्यांच्या आजोबांची ती दुनळी बंदूक तुला आठवत असेल, लोखंडाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळ्यांची. दुकानातलं हल्लीचं काडतूस तिला सोसत नाही, नळी फुटून हात जायचा. म्हणून अजून सगळं घरीच चालतं. उडवलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीची, बुडाशी ठिणगी पाडणारी जुनी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, बंदुकीची काळी दारू मापानं ओतायची, वर दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची चकती, मग छर्रे. या चकत्या लहानपणी तूच कापून द्यायचीस. ते माप ओतून पुंगळी माझ्याकडे सरकवतात, मी चकती दाबतो. बोलणं फारसं नाही, आणि तुझं नाव तर एकदाही निघालं नाही. तरी आठवड्याचे बाकीचे दिवस मी त्या दुपारच्या आधारावर काढत आलो.

नाताळच्या सुमाराला माझा हात थबकला. पुंगळीत काळे दाणे नव्हते, राखाडी चुरा होता. माझ्या नव्या बंदुकीसाठी तिथंच ठेवलेली बिनधुराची दारू त्यांनी काळीच्या मापानं भरली होती. ती चिमूटभर पुरते. एवढी भरल्यावर बंदूक राहिली नसती आणि हेडलीही. मी विचारलं तर माझ्यावरच उखडले. "आजोबांच्या मांडीवर बसून शिकलोय मी! तू मला दारू शिकवतोस?" पण त्यांचे डोळे घाबरलेले होते.

मी दोन्ही दारू आणि टोप्या गुपचूप घरी आणल्या. त्यांच्या डब्यात पावावर लावायची काळी खसखस भरून ठेवली. दिसायला हुबेहूब. टोप्याही आधीच उडून गेलेल्या, निकामी ठेवल्या. काडतुसं तयार झाली की मी घरी न्यायचो आणि पुढच्या रविवारी खाटकाकडचं एक बदक घेऊन जायचो. तुमच्या काडतुसांनी पाडलं, म्हणून सांगायचो. ते सलगम घालून शिजवायचे, आम्ही दोघं जेवायचो. असे बरेच रविवार गेले.

मागच्या रविवारी त्यांनी हाड ताटात ठेवलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "नेम फारच सुधारलाय की रे तुझा! इतकी बदकं खाल्ली, एक छर्रा दाताखाली येईल तर शपथ."

मी खाली मान घालून पाव मोडत बसलो.

"आणि ती खसखस जरा ताजी आणत जा. खवट वास येतो. बंदुकीच्या दारूचा वास मला कळत नाही असं वाटलं का तुला?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोललो असतो तर भरायला काय उरलं असतं? आणि तू आला असतास कशाला?"

मेव्हिस, मी मोरीत जाऊन भांडी घासत राहिलो, घासलेलीच पुन्हा घासली.

त्यानंतरचं सांगायला जीव होत नाही, पण सांगतो. बुधवारी शेजारच्या डोरीनचा फोन आला, हेडली बंदूक घेऊन खाडीकडे गेलेत. मी धावलो. ते चिखलात, गुडघाभर पाण्यात उभे होते, भरती चढत होती. डोक्यावरून हंस चालले होते आणि ते पुन्हा पुन्हा घोडे ओढत होते. खसखशीची तीच काडतुसं, त्या रविवारी मी घरी न्यायची राहिलेली. रविवारी माझी थट्टा करणारा माणूस ते सगळं विसरून गेला होता. मला बघून म्हणाले, "दारू ओली झाली रे, बार उडत नाही." मी दंड धरला तर हिसडून टाकला. "थांब. पोरगी मागे राहिलीय. मेव्हिस! ए मेव्हिस!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव ऐकलं, तेही असं, पाण्याकडे तोंड करून मारलेल्या हाकेत. ते हलेनात. पाणी मांड्यांपर्यंत आलं. शेवटी मी म्हणालो, "ती घरी पोचलीय, हेडली. चहा टाकलाय तिनं." तेव्हा मुकाट्यानं माझा हात धरून चालू लागले. घरी आल्यावर स्वयंपाकघरात डोकावून बघितलं, पण मला काही विचारलं नाही.

बंदूक आता माझ्या कपाटात कुलपात आहे आणि रात्री मी त्यांच्याकडेच झोपतो. तू लिहिलंस, "माझ्या घरी खालची खोली रिकामी आहे, बाबा एकटे राहू शकतात का तेवढं खरं सांग, आणि मला बघून ते दार तर लावून घेणार नाहीत ना?" एकटे नाही राहू शकत. दारही लावणार नाहीत, कदाचित तू कुठे गेली होतीस हेच विचारतील, तेव्हा दुकानात म्हणून सांग. हे दोन ओळींत कळवता आलं असतं, पण त्या दोन ओळी लिहिल्या की ते तुझ्याकडे जाणार, हे कळत होतं. ये आणि त्यांना घेऊन जा. फक्त सोमवारी ये. एवढा एक रविवार आम्हा दोघांना असू दे.

तुझाच, असं लिहायची सवय काही सुटत नाही,
बर्नार्ड