एकसष्टावा भाग वगळून

मी, भागीरथाबाई देवमन भुयार, वय अठ्ठ्याहत्तर (आधार कार्डावर शहात्तर आहे, कार्ड चुकले, मी बरोबर), धंदा आधी शेती व आता शेती करणाऱ्यांवर देखरेख, राहणार नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने, लाडीगोडीने वा औषधाच्या गुंगीत न येता स्वतःच्या तोंडाने सांगते आणि दस्तलेखक श्याम खंडारे ते लिहितात. मला अक्षर येत नाही. अक्षर येत नाही म्हणजे कळत नाही असे नव्हे, हे वाचणाऱ्याने पहिल्याच पानावर ध्यानात घ्यावे.

काल डॉक्टरांनी मला तपासले. त्यांनी विचारले, "आजी, आज वार कोणता?" मी सांगितले, "बुधवार, आन् तुमच्या शर्टाची गुंडी एक घर वर लागली." मानसिक स्थिती उत्तम असल्याचा दाखला त्यांनी दिला, तो सोबत जोडला आहे.

प्रत्येक कलम लिहून झाले की श्यामने मला वाचून दाखवायचे, असे ठरले आहे. मी सांगते तसे तो लिहीत नाही, मध्येच 'सदरहू' आणि 'उपरोक्त' घालतो. घालू द्यावे, त्याचे पोट आहे. अर्थ मात्र माझाच राहील.

कलम १. मृत्युपत्र धडधाकट असताना का केले

टीव्हीमुळे केले. रामरावच्या बाबांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, सत्याऐंशी साली आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही आणला. वारा सुटला की ते छपरावर अँटेना धरून उभे आणि आम्ही खालून ओरडायचो, "आलं! गेलं! आलं!" त्या काळच्या दोन मालिकांवर मी जीव लावला. एक 'फौजदार आबा' आणि दुसरी 'कासारवाडीची यमुना'. आजच्या मालिकांची नावे मला सांगू नयेत. त्यातल्या बाया भरजरी शालू नेसून कुकर लावतात.

पण जिवाच्या माणसातही एखादी खोड असते तसे त्या मालिकांचे आहे. फौजदार आबांचा तो भाग आठवला की अजून तोंड कडू होते. म्हातारा सावकार मृत्युपत्र सांगायला बसतो, तीनदा खोकतो, "माझी सगळी इस्टेट..." म्हणतो आणि मान टाकतो. कागद तसाच चुलीत जातो. अख्खी गल्ली हळहळली. मला शिसारी आली. अरे, आधी नाव सांगावे, मग खोकावे! कागदाची नक्कल नाही, साक्षीदार नाही, सरकारी नोंद नाही. ज्याला व्यवहार कळतो त्याने लिहिलेला भाग हा नव्हे.

म्हणून मी आज सकाळी भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन, खोकला नसताना, इथे आले आहे. हा दस्त आजच निबंधकाकडे नोंदवायचा आहे. आबांच्या दुसऱ्या एका भागात तीन आठवडे चाललेला खून शेवटी स्वप्न निघाला होता. माझे कागद स्वप्न निघणार नाहीत.

कलम २. टीव्ही

सदरहू टीव्ही बंद आहे. तो मुलगा रामराव यास द्यावा. चालू होता तेव्हा त्याच्यापुढे सर्वांत जास्त तोच बसला आणि सर्वांत कमी त्यालाच कळले. त्याने तो भंगारात घालू नये. घातलाच, तर निदान मला दिसणार नाही.

कलम ३. भांडी

पितळी गुंड, दोन पराती, पाटा-वरवंटा आणि लोणच्याच्या बरण्या सून प्रणाली हिच्या. तिने मला कधी उलटून उत्तर दिले नाही. मनात दिले असेल, ते मला ऐकू येत होते. हरकत नाही.

शेजारीण मनकर्णाबाई हिला, ज्याच्यावर बसून तिने माझ्या घरी दोन्ही मालिका फुकट पाहिल्या तो पाट, देण्याचे मनात होते. पण श्याम म्हणतो, साक्षीदाराला वस्तू ठेवली की पुढे वाद निघतो. मी तिला विचारले, "मनकर्णे, तुले पाट पाह्यजे का सही कराले पाह्यजे?" ती म्हणाली, "सही. पाट तं मी तसाबी नेईन." सबब पाटाबद्दल काही लिहिलेले नाही.

कलम ४. एकसष्टावा भाग

हे कलम मोठे आहे. श्याम म्हणाला, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, "बसव. दाटीवाटीनं बसव."

कासारवाडीची यमुना ही विधवा बाई. स्वतः औत हाणणारी. पाटलाने धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला तर त्याच्या दारात जाऊन माती पदरात मागणारी. साठ भाग ती तशी ताठ उभी राहिली. मंगळवारी ती टीव्हीवर आली की मी निवडायचे सूप बाजूला ठेवीत असे. देवापुढे मी एवढी स्थिर बसले नाही.

मग आला एकसष्टावा भाग. यमुनेचे भाऊ हक्कसोडाचा कागद घेऊन येतात. म्हणजे बापाच्या जमिनीतला वाटा बहिणीने आपणहून सोडायचा. ती हसते. सही करते. भाऊ तिच्या हातावर साडी ठेवतो, मागे बासरी वाजते, आणि पुढच्या सगळ्या भागांत दर दिवाळीला तिच्यासाठी माहेरची गाडी येते. आमच्या ओसरीत सगळ्या बाया रडल्या. मीही रडले, खोटे कशाला सांगू. माझी मुलगी माया तेव्हा अकरा वर्षांची. ती माझ्या मांडीवर डोके ठेवून मुसमुसत होती.

तो भाग मंगळवारी झाला. शुक्रवारी माझे भाऊ आले.

माझे माहेर तिवसा तालुक्यात, कौंडण्यपूरच्या अलीकडे. वडील वारून वर्ष झाले होते. सहा एकर काळी जमीन, त्यात माझा वाटा दोन एकर. माझ्या दोघा धाकट्या भावांतला थोरला पुंजाराम चहा प्यायला, कागद काढला आणि म्हणाला, "आक्का, यमुनेनं तं सही केली. तुले निस्ता अंगठा लावाचा आहे."

रामरावचे बाबा म्हणाले, "दोन दिवस थांब, कोणाकडून वाचून घेऊ." मी त्यांना म्हटले, "भावाचा कागद काय वाचाचा?" माझ्या कानात बासरी वाजत होती ना. मी अंगठा दिला. साडी घेतली. मोरपंखी रंगाची होती.

पहिल्या दिवाळीला गाडी आली नाही; पुंजारामचा निरोप आला, बैल आजारी आहे. दुसऱ्या दिवाळीला निरोपही आला नाही. तिसऱ्या वर्षी आमच्याकडे पीक बुडाले म्हणून मी इतर बायांबरोबर गाडीत बसून कापूस वेचायला गेले. गाडी थांबली ती बापाच्या वावरातच. मी पाण्याची कळशी आंब्याखाली ठेवली. तो आंबा बापाने माझ्या बारशाच्या वर्षी लावलेला. पुंजारामची बायको लीलाबाई आली आणि म्हणाली, "बाई, मजुरायनं कळशी तिकडे ठेवाची."

मी कळशी उचलली आणि तिकडे ठेवली. दिवसभर वेचले. घरी येऊन यजमानांना काही सांगितले नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे, तेही श्यामला.

त्या मंगळवारी त्या बाईला हसवणाऱ्याची मला आजही किळस येते. साठ भाग ज्याने तिला माणूस केले त्यानेच एका अर्ध्या तासात तिला पायपुसणे केले, वर बासरी लावली. पुढे चौदा वर्षांनी मालिका पुन्हा दाखवली तेव्हा मी सगळे भाग पाहिले. एकसष्टाव्याला उठून गुरांना पाणी पाजायला गेले. गुरे तहानलेली नव्हती.

मोरपंखी साडी पेटीत तळाशी आहे. घडी मोडलेली नाही. ती लीलाबाईला परत करावी. पुंजाराम आता नाही, त्याच्याबद्दल काही बोलायचे नाही. साडी देताना सोबत निरोप देऊ नये, तिला समजेल. नाही समजले तर नेसेल.

कलम ५. शेत

हे शेत, तीन एकर, रामरावच्या बाबांनी माझ्या नावाने घेतले. बायकोच्या नावाने घेतले म्हणून पारावर लोक त्यांना हसले. ते म्हणाले, "हसा. तिनं एकदा गमावलं, आता तिच्या नावानं राहू द्या." यावरून त्यांना कळशीचे न सांगताही ठाऊक होते, असे मला वाटते.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माया अकोल्याहून आली होती. मी आत घागर भरत होते. बाहेर रामराव तिला म्हणाला, "आईच्या मागं तू हक्कसोड करून देशील ना?" माया म्हणाली, "देईन ना दादा, त्यात काय." ती गेल्यावर मी फोन केला, काहून म्हणून. तर ती म्हणते, "आई, माह्या करिश्मानं मले यमुनेचे भाग फोनवर लावून देल्ले. तो सहीचा भाग आठवते ना तुले? किती सुंदर आहे वं! वाटा गेला, पण भाऊ तं राहिला तिचा."

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. माझ्या मांडीवर रडलेली, ती अजून तिथेच आहे.

मी तिला कळशीची गोष्ट सांगणार होते. मग वाटले, ती म्हणेल, "माहा दादा तसा नाही." पुंजारामही तसा नव्हता. कागदावर अंगठा उमटेपर्यंत कोणाचाच भाऊ तसा नसतो.

म्हणून मी श्यामला सांगितले, "अर्धं शेत मायाले दे, आन् लिही की तिनं ते भावाले देऊ नये."

श्याम म्हणाला, "आजी, एकदा मालकी दिली की 'देऊ नको' ही अट टिकत नाही. ती उद्या सही करू शकते."

"मंग मालकीच देऊ नको तिले."

"म्हणजे?"

"तूच तं मघाशी सांगून राहिला होता, जिवंत असेपर्यंत खा, मागून दुसऱ्याचं. तसं होत नाही काय?"

श्यामने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "होते."

सबब : तीन एकरांपैकी पूर्वेकडील दीड एकर, विहिरीतील अर्ध्या पाण्याच्या हक्कासह, मुलगी माया हिने हयातीपर्यंत उपभोगावे, कसावे किंवा कसवून घ्यावे आणि उत्पन्न खावे. ते विकण्याचा, बक्षीस देण्याचा वा सोडून देण्याचा हक्क तिला नाही. तिच्या पश्चात ते पूर्ण मालकीने तिची मुलगी, माझी नात करिश्मा हिचे. करिश्मा शेतीचेच शिकते आणि कागद वाचल्याशिवाय दुकानाची पावतीसुद्धा घेत नाही. उरलेले पश्चिमेकडील दीड एकर रामरावचे, पूर्ण मालकीने. त्याने ते नीट केले आहे, हे मी नाकारत नाही.

मायाला राग येईल. येऊ द्यावा. जे तिचे नाही ते ती हसत हसत देऊ शकणार नाही, एवढेच मला करता आले.

कलम ६. घर

घर रामरावचे. फक्त रस्त्याकडची पुढची खोली, जिला वेगळे दार आहे, ती वरीलप्रमाणेच मायाला हयातीपर्यंत, मग करिश्माला. तिची किल्ली मायाकडे राहील. माहेरी यायला तिला गाडी, बैल किंवा निरोप यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागू नये.

कलम ७. वाचून दाखवल्यावर जे झाले ते

मी रामरावला बाहेरच्या बाकावर बसवले होते. श्यामने सगळे वाचून झाल्यावर त्याला आत बोलावले आणि पुन्हा वाचले. चोरून केलेले मृत्युपत्र टीव्हीत असते, माझे नाही. त्याचे तोंड कच्च्या कारल्यासारखे झाले.

"आई, म्हणजे मी बहिणीले हाकलून देईन असं वाटलं तुले?"

मी म्हटले, "नाही वाटलं. मले माह्या भावाचंबी नव्हतं वाटलं."

"मी काय मामा आहो?"

"मंग लाव फोन. भाऊबीजेले बोलाव तिले. आताच, सगळ्यायसमोर."

त्याने फोन लावला. श्यामने खूण केली म्हणून आवाज मोठा केला.

"माया, भाऊबीजेले येजो."

"येतो ना दादा. कागद करून ठेवला काय? मी इकडूनच पेन आणतो, तुमच्याकडचे चालतच नाईत."

रामराव माझ्याकडे पाहू लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

"कागद नाही," तो म्हणाला. "आईनं दुसरंच करून टाकलं. तुही सही लागतच नाही आता."

मग माया अगदी हळू म्हणाली, "दादा, तू रागावला काय रे?"

"रागावलो ना. आल्यावर सांगतो."

"मंग येऊ का नको?"

मनकर्णाबाईने तोंडातली सुपारी चघळायची थांबवली. मी मनात सात मोजले. माणसावर मला सातापर्यंतच नीट विश्वास ठेवता येतो.

"ये पण," तो म्हणाला, आणि फोन ठेवून बाहेर गेला.

हे शब्द कागदावर घ्यावेत असे मी श्यामला सांगितले. तो म्हणाला, कायद्यात याला किंमत नाही. मी म्हटले, कायद्यातले वर पाचव्या आणि सहाव्या कलमात झाले, ते कायम आहे. हे माझ्यासाठी घे. त्याने घेतले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढे केले तर तेच खरे धरावे. पण करणार नाही, दमले. वरील सर्व मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, 'सदरहू' सोडून. तो मान्य करून दोन्ही साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा उमटवीत आहे.

ठिकाण : नांदगाव खंडेश्वर
दिनांक : १८ सप्टेंबर २०२५, गुरुवार

भागीरथाबाई देवमन भुयार
यांच्या डाव्या अंगठ्याची निशाणी

लेखनिक : श्याम खंडारे, दस्तलेखक
(सांगितल्याप्रमाणे लिहिले, वाचून दाखवले, समजल्याची खात्री केली. दोनदा माझीच खात्री करून घेण्यात आली.)

साक्षीदार १ : धर्मेंद्र वानखडे, निवृत्त पोस्टमन, नांदगाव खंडेश्वर
भागीरथाबाईंनी आमच्यासमोर अंगठा केला व आम्ही त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : मनकर्णाबाई ढोके, शेजारी
वरीलप्रमाणेच. शिवाय रामराव "ये पण" म्हणाला, ते मी माझ्या कानाने ऐकले आहे. भाऊबीजेला मी ओसरीत बसून राहीन.