झाकण लावलं की बंद

सूनबाई,

तुझ्या नवऱ्याला घेऊन कपाट बघायला चालले आहे. घ्यायचं नाहीये, पण संध्याकाळपर्यंत त्याला दुकानं पालथी घालायला लावते. गाडीची किल्ली पिठाच्या डब्यामागे आहे. त्याला ती सापडत नाही म्हणून आम्ही बसने जातोय.

तुझी जेट स्की, ती उभ्याने चालवायची पाण्यावरची स्कूटर, शेजारच्या मेकॅनिकने ट्रेलरवर चढवून दिली. त्याने विचारलं, "इंजिनावरचं झाकण लावलं की बंद पडायची ना? कसं सापडलं?" मी ऐटीत सांगितलं, आमच्या सुनेने पेट्रोलच्या टाकीच्या हवेची नळी तोंडात धरून फुंकली. झाकण उघडं असताना हवा जात होती, लावलं की अडत होती, म्हणून पेट्रोल पुढे सरकत नव्हतं. नळी झाकणाखाली चेंगरत होती! माझ्या लेकाने तर कार्ब्युरेटर खोलून हात टेकले होते.

काल तो म्हणाला, "पाण्यात न्यायची नाही." मला नाही आवडलं.

तुझी बहीण तळ्यावर येतेय. लाइफ जॅकेट घाल. आधी गुडघ्यांवर, वेग आला की उभं राहायचं, असंच ना? उभी राहिलीस की तिला फोटो काढायला सांग आणि मला पाठव. भर दुकानात त्याच्या नाकासमोर धरते.

सासू