शाळेच्या ओट्यावर सांगितलेलं दुखणं

गुरुजी, परवा मेहकरला दवाखान्यात गेलो होतो. लघवीची तक्रार आहे, या वयात बहुतेकांना असते. तपासताना तिथल्या तरुण डॉक्टरला डावीकडचा जुना व्रण दिसला. त्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "बाबा, हे कशाचं ऑपरेशन?" मी माझा आवाज मुळीच खाली आणला नाही. पलीकडे बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की नसबंदीनंतर माझं डावं वृषण वर्षभर दुखत होतं, कुणी धड ऐकून घेत नव्हतं, शेवटी अकोल्याला जाऊन गाठ काढून घेतली, तिचा हा व्रण. बाकावर माझी सूनही होती. घर येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. पण परतीच्या एसटीत मनात आलं, तुम्ही त्या बाकावर असता तर चप्पल घालून सरळ बाहेर निघून गेला असता. तुम्हाला जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली आणि माझं भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय.

चौथीपर्यंत मी तुमच्या हाताखाली शिकलो आणि पुढे तुमच्याच शाळेत तुमच्या हाताखाली मास्तर म्हणून लागलो. दोन खोल्या, एक ओटा, तुम्ही हेडमास्तर आणि मी. महाराष्ट्र राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. भिंतींवर लाल त्रिकोण रंगवले जात होते आणि नसबंदीच्या शिबिराला माणसं तयार करायचं काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात आलं होतं. इतर शाळांत ते वरून आलेलं काम म्हणून उरकत. तुमचं तसं नव्हतं. तुमची बायको पाचव्या बाळंतपणात गेली, साखरखेर्ड्याच्या वाटेवर, बैलगाडीत. दवाखाना अजून चार मैल लांब होता. हे तुम्ही मला आयुष्यात एकदाच सांगितलंत, तेही हजेरी भरता भरता, मान वर न करता. आणि मग म्हणालात, "मास्तरानं आधी करायचं, मंग लोकायले सांगायचं." मला तीन लेकरं होती. मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मला तुमचं म्हणणं पटलं होतं. आजही पटतं. भांडण त्याचं नाहीच.

आमच्या गावचे आम्ही सात जण गेलो. बाकीचे सहा आठ-पंधरा दिवसांत वखर हाकायला लागले, त्यांना पुढे कधी काही झालं नाही. माझाही टाका नीट भरला. दोन महिने गेले आणि दुखणं सुरू झालं. फार मोठं नाही, ओरडावं असं तर नाहीच. बसलो की डावीकडे कुणी चिमटीत धरून ठेवल्यासारखं, आणि ती चिमटी सुटतच नाही. खडू उचलायला वाकलो की कळ पोटापर्यंत चढे. सायकल बंद झाली. मांडी घालून बसणं बंद झालं. मुलांना बेरजा घालून मी फळ्याकडे तोंड करून उभा राहत असे, कारण तोंड वाकडं झालेलं मुलांना दिसू नये.

घरात मात्र लपलं नाही. चुलीपुढे बायको भाकरी थापतेय आणि मी हातात ताटली धरून, भिंतीला टेकून, उभ्यानं जेवतोय.

"उभ्यानं काऊन जेवून राह्यले?"

"पाय आखडला."

"पाय नाही आखडला. चार दिस झाले पाहून राह्यली मी."

मग सांगितलं. मला वाटलं, लाजेल, तोंड फिरवेल. तिने भाकरी तव्यावरून उतरवली, त्याच तव्यावर मूठभर खडेमीठ टाकलं, गरम झाल्यावर फडक्यात बांधून पुरचुंडी माझ्या हातात दिली. म्हणाली, "दुखते त सांगा ना कोणाले. चोरी थोडीच केली." माझ्या दुखण्यावर त्या वर्षात कुणी इतकं सरळ बोललेलं मला आठवत नाही.

तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण मी काय काय केलं ते आता ऐका. एरंडाची पानं गरम करून बांधली. कंपाउंडरकडून दहा दिवस इंजेक्शनं घेतली, तर बसायची दुसरीही बाजू गेली. एका वैद्याने वांगं आणि तुरीची डाळ बंद करायला सांगितली, म्हणजे आमच्याकडच्या माणसाने खायचं तरी काय, ते त्यालाच ठाऊक. सव्वा महिना ते पथ्य पाळलं, माझं वजन उतरलं आणि दुखणं जागच्या जागी. एका डॉक्टरने धोतर सोडायलाही न सांगता निदान केलं. टाका भरलाय, आता हे तुमच्या मनाचं आहे, म्हणाला. मी विचारलं, "मन तिथं असतं का, साहेब?" त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

नीट विचारलं ते मेहकरच्या एका म्हाताऱ्या हकीमसाहेबांनी. त्यांनी मला माझंच एक बोट पुढे करायला लावलं आणि म्हणाले, "जिथं दुखते तिथंच ठेव. आजूबाजूले नाही." मी बोट ठेवलं. वृषणाच्या थोडं वर, नसेशी, तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी टणक लागलं. आठ महिने ते माझ्याच अंगात होतं आणि मलाही कुणी तिथे बोट ठेवायला सांगितलं नव्हतं. त्यांनी दाबून पाहिलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तर, हे माह्या हातचं काम नाही. लेप देऊन तुले फसवत नाही. चिरफाडवाल्या मोठ्या डॉक्टरले दाखव, अकोल्याले जा." दुखणं बरं झालं नव्हतं, तरी त्या दिवशी मी मोकळा होऊन घरी आलो, कारण ते खरं निघालं होतं.

अकोल्याला जायचं तर रजा हवी, आणि रजा तुमच्याकडे मागायची. शाळा सुटल्यावर तुमच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तुम्ही आधी खिडकी लावून घेतलीत. मग म्हणालात, "हे बोललास तेवढं बास. पुढच्या महिन्यात दुसरं शिबिर हाय. मास्तरचं आंड दुखून राह्यलं हे गावात पसरलं त एक माणूस येणार नाही. तुह्या एकट्याच्या दुखण्यापायी किती बायका मरू द्यायच्या?" तुम्ही पुढे म्हणालात, "शिबिर होऊन जाऊ दे, मंग घे रजा. तोपर्यंत नीट बसत जा लोकायपुढे. उभं राहून जेवू नको." म्हणजे मी कसा जेवतो ते तुमच्यापर्यंत पोचलं होतं. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही विचारलं नव्हतं.

गुरुजी, दुसरीत असताना माझ्या तळपायात बाभळीचा काटा मोडला होता. तुमच्या भीतीने मी तीन दिवस लंगडणं लपवलं. तुम्ही मला ओट्यावर बसवलंत, पाय मांडीवर घेतलात, सुईने काटा काढलात आणि मग एक थोबाडीत दिलीत. "दुखते त सांगत काऊन नाही बे?" ती चापट माझ्या चांगली लक्षात होती. तीस वर्षांचा बाप्या झालो, तेव्हा त्याच ओट्यामागच्या खोलीत, खिडकी लावून, तुम्ही मला लंगडणं लपवायला शिकवत होता. मला इतका राग आला की कळ थोडा वेळ जाणवेनाशी झाली.

मग तो शनिवार. सकाळची शाळा सुटलीय, ओट्यावर वीस-पंचवीस माणसं बसली आहेत, विड्या पेटल्या आहेत. तुम्ही शिबिराचं समजावून सांगता आहात, चांगलं सांगता आहात. कुणीतरी विचारतं, "पुढं काही तरास त होत नाही ना, गुरुजी?" तुम्ही माझ्याकडे हात करता. "मी काय सांगू? आपले मास्तर हायत ना. त्याइलेच विचारा." आणि माझ्याकडे पाहता. ती नजर मला आजही दिसते. तिच्यात हुकूम होता आणि विनवणीही होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, "आमी सात जण गेलो होतो. सहा जणायले काहीच नाही, ते इथंच बसेल हायत, विचारून घ्या. मले मात्र दुखते. आठ महिने झाले. आत एक गाठ हाय आणि मी अकोल्याले दाखवाले चाललो. ज्याले ऑपरेशन करायचं त्यानं कराव, मी तुमाले नाही म्हणत नाही. पण दुखलं त माह्यासारखं आठ महिने गप बसू नका." एवढं बोलेपर्यंत मागून एकजण ओरडला, "मास्तर, मंग तुमचं काम चालते का?" सगळे खो खो हसले. मी हसणं थांबेपर्यंत थांबलो. "चालते," म्हणालो. "पण दुखते. हसून झालं असन त सांगा, तुमच्यापैकी कोणाले दुखून राह्यलं?"

मग कडेला बसलेला एक भाजीवाला माळी, साखरखेर्ड्याच्या बाजारात वांगी विकायला बसणारा, पन्नाशीचा माणूस, जमिनीकडे पाहत म्हणाला, "मी त कोणत्या शिबिरात गेलो नाही. पण माह्यं बारा वरसापासून सुजेल हाय. नारळावानी झालं. बायकोशिवाय कोणाले दाखवलं नाही. मास्तर, मी येऊ का तुमच्यासंगं?"

त्या दिवशी चौघांनी शिबिराच्या यादीतून नावं काढून घेतली. तुम्ही ओट्यावरून उतरताना मला म्हणालात, "माह्यं वर्षाचं काम तू दहा मिनिटात मातीत घातलं." मी उत्तर दिलं नाही. आता देतो. त्या चौघांपैकी दोघे पुढच्या शिबिराला आपल्या पायाने गेले. मी खोटं बोललो असतो आणि उद्या माझं खरं कळलं असतं, तर तेही गेले नसते. ते सोडा. एकही गेला नसता तरी मी तेच बोललो असतो. माझं दुखणं माझं होतं, ते झाकून ठेवायला मी कुणाला दिलं नव्हतं, तुम्हालाही नाही.

शिबिराची वाट न पाहता, रजेचा अर्ज तुमच्या टेबलावर ठेवून, अकोल्याला आम्ही दोघे बसने गेलो, माळीदादांच्या मांडीवर डॉक्टरसाठी वांग्यांची टोपली. सर्जनने दोघांनाही नीट तपासलं. त्यांच्यात पाणी साचलं होतं, ते काढलं. माझी गाठ काढली आणि बशीत ठेवून दाखवली. अशी गाठ नस बांधल्यावर एखाद्याला होते, म्हणाला, यात करणाऱ्याचा दोष नाही आणि तुमच्या मनाचाही नाही. शेजारशेजारच्या खाटांवर आम्ही आठ दिवस होतो. माळीदादा मला म्हणाले, बारा वर्षं मी मूर्खासारखा चाललो, पाय फाकून. पुढे दोनेक महिन्यांनी मी सायकलवर साखरखेर्ड्याच्या बाजाराला गेलो, परत आलो, सायकल भिंतीला लावली आणि तेव्हा लक्षात आलं, की जाता-येता त्या दुखण्याची एकदाही आठवण झाली नाही. मी ओसरीवर बसून रडलो. मांडी घालून बसलो होतो.

इथपर्यंत माझी बाजू आहे आणि ती मी कुणापुढेही मांडीन. पुढचं मात्र तेव्हा फक्त बायकोला आणि माळीदादांना माहीत होतं, आणि ती दोघंही आता नाहीत.

अकोल्याहून परत आल्यावर तुम्ही मला बरं वाटतं का असं कधी विचारलं नाही. पण शाळेतली एकुलती एक वेताची खुर्ची माझ्या वर्गात आली आणि तुम्ही तुमच्या खोलीत पेटीवर बसू लागलात. माझी कवायत तुम्ही घेऊ लागलात, पन्नाशी उलटलेली असताना. केंद्रावरच्या मासिक सभेला, जायची पाळी माझी असली तरी, तुम्ही भर उन्हात सायकल काढत होता. मी त्या खुर्चीत जपून, हळू बसत असे. तुम्ही दारातून जाताना दिसलात की कमरेला हात लावत असे. बाजाराला मी आडवाटेने जात होतो, सायकल घेऊन, तुम्हाला दिसू नये म्हणून. बायको म्हणे, "आता त सांगा त्याइले, बरं हाय म्हणून." मी म्हणे, सांगतो. तुम्ही रोज थोडं शरमावं, एवढंच मला हवं होतं, आणि तुम्ही शरमत होता. दीड वर्ष असं चाललं. मग तुम्ही तापाने गेलात. दुखत होतं तेव्हा मी सगळ्या गावाला सांगितलं, गुरुजी. थांबलं ते तुम्हाला सांगितलं नाही.