मास्तरची हजेरी

१७ जानेवारी, शुक्रवार, दुपार

पोचलो एकदाचे! शेवटचा तासभर नुसता कच्चा रस्ता. त्या खड्ड्यांनी माझी हाडं अशी खिळखिळी केली की विचारायची सोय नाही. पण घर दिसलं आणि सगळं माफ केलं. टेकाडावर एकटंच उभं, दगडी, दुमजली, हातभर जाड भिंतींचं. आत शिरलं की लाकूड, जुनी लोकर आणि कुत्री यांचा एकत्र वास. थंडी इतकी की दिवाणखान्यात बोलतानाही तोंडातून वाफ निघते. सासरे म्हणाले, शेगडी पेटली की बरं वाटेल. सासूबाई म्हणाल्या, गेली चाळीस वर्षं हे असंच म्हणताहेत.

लग्नाला चार महिने झाले, पण या घरी मी पहिल्यांदाच आले. एका हॉटेलात खोल्यांची व्यवस्था बघते, त्यामुळे खोड काही जात नाही. वरच्या तिन्ही खोल्यांतल्या चादरी मी आल्या आल्या मनातल्या मनात बदलून टाकल्या. कुत्र्यांचे केस तर जिकडेतिकडे. कुत्री तीन. म्हातारा करडा तो मास्तर, आणि त्याचे दोन तरुण विद्यार्थी, ढ आणि महाढ. नावं सासऱ्यांनी ठेवलीत आणि अगदी पारखून ठेवलीत.

चिंगी, नवऱ्याची सात वर्षांची लेक, गाडीत सगळा वेळ माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. मला ती काहीच हाक मारत नाही. काम असलं की नुसतं ‘ऐका ना’. आज दोनदा म्हणाली, एकदा खिडकी लावायला आणि एकदा लावलेली उघडायला. तिने मला आई म्हणावं असं मला इतकं वाटतं, की लिहितानासुद्धा लाज वाटते.

शुक्रवार, संध्याकाळ

या घरात एक गंमत आहे. अंधारून आलं की मास्तर हजेरी घेतो! मेंढ्या राखणाऱ्यांची जात. मेंढ्या गेल्या, सवय राहिली. प्रत्येकाजवळ जातो, हाताला ओलं नाक लावतो, पुढे सरकतो. सगळे मोजून झाले की दारात आडवा बसतो. तो बसल्याशिवाय सासरे कडी घालत नाहीत. आज माझ्यापाशी बराच वेळ हुंगत उभा राहिला. मी श्वास रोखून बसले होते. मग हाताला नाक लागलं आणि जाऊन बसला. परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. चिंगी हसली. माझ्यामुळे ती पहिल्यांदाच हसली.

सासऱ्यांनी मग त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. लहानपणी भारी द्वाड होता म्हणे. एकदा पाहुण्यांना त्रास नको म्हणून कुत्री कोंडून ठेवली होती. धुकं पडलं, हजेरी काही झाली नाही, आणि भाऊ उशिरा एकटाच घरी आला. त्या दिवसापासून इतका शहाणा झाला की घरात त्याचा आवाज म्हणून नाही. म्हातारा होईपर्यंत इथेच राहिला, पण कुत्री जन्मभर त्याच्या वाऱ्याला उभी राहिली नाहीत. सासरे हसत सांगत होते. सासूबाईंनी मध्येच सूप वाढायला घेतलं आणि विषय संपला.

१८ जानेवारी, शनिवार, सकाळ

चिंगीचा पलंग म्हणजे कुस्तीचा आखाडा. पांघरूण जमिनीवर, चादर गोळा, उशीचा कोपरा चावून चावून ओला. मी आवरायला गेले तर तिने चादर हातातून ओढून घेतली. आमची आम्ही घालू, म्हणाली. आमची म्हणजे तिची आणि बाबाची. मी बरं म्हटलं आणि स्वयंपाकघरात येऊन उगाच कप धूत बसले. फार लागलं.

बाहेर धुकं आहे. तिन्ही कुत्री तळ्याकाठच्या चिखलात लोळून आलीत आणि तशीच गालिच्यावर पसरलीत. सासूबाईंचा चेहरा बघवत नव्हता. ठरवलं, दुपारी यांना अंघोळ घालायची. निदान एकीच्या तरी मनात भरू.

शनिवार, संध्याकाळ

काय दिवस आहे! आधी सगळं नीट लिहून ठेवते.

नवरा आणि सासू-सासरे चार वाजता सरपण आणि चिंगीसाठी खोकल्याचं औषध आणायला गेले. मी तिन्ही कुत्र्यांना साबण लावून घासलं, आणि ओल्या अंगाने घरभर फिरू नयेत म्हणून शेडमध्ये गोणपाटावर कोंडलं. चिंगी अंगणात खेळत होती, पिवळा स्वेटर, पिवळे हातमोजे. बघता बघता धुकं दारापर्यंत आलं. तिला हाक मारली. ओ नाही. कुत्री शेडमध्ये दारावर धडका देत होती, मला वाटलं गारठलीत. दुसऱ्यांदा हाक मारली आणि ती धुक्यातून सरळ चालत आली.

बूट स्वतः काढले, जोडीने लावले. हातमोजे खुंटीला अडकवले. मग माझ्या कमरेला मिठी मारून आई म्हणाली.

मी तिथेच उंबऱ्यात बसून रडले. मग कडी घातली.

बाकीचे आले तेव्हा नवऱ्याला सांगितलं, त्याचेही डोळे भरले. मग मी एकटीच मागे जाऊन शेडमधून कुत्री सोडली. मास्तरने हजेरी घेतली. सासरे, सासूबाई, नवरा, मी. चिंगीने हात पुढे केला होता. तो तिच्यासमोरून तसाच पुढे गेला, दाराशी जाऊन उभा राहिला. बसला नाही. साबणाच्या वासाने नाक बिघडलंय, असं सासरे म्हणाले. सासूबाईंच्या हातातला डाव मात्र होता तिथेच थांबला होता.

१९ जानेवारी, रविवार, सकाळ

मास्तर बसलेला नाही. दार ते जिना, जिना ते दार, नखांचा आवाज सारखा चालू. ढ आणि महाढ टेबलाखाली एकमेकांना चिकटून पडलेत, पाण्यालाही उठत नाहीत.

चिंगीची खोली आवरायला गेले. आवरण्यासारखं काही नव्हतं. चादरीला एक सुरकुती नाही. मी रोज तीसेक पलंग बघते, माणूस झोपून उठलेला पलंग मला डोळे मिटूनही कळतो. हा थंड होता. उशीचा कोपरा कोरडा. आणि काल दिवसभर खोकणारी पोर खोकत नाही.

ती मागे उभी होती. चादर छान घातली ना आई, असं विचारलं. मी हो म्हटलं.

रविवार, दहा वाजता

सासूबाईंनी मला कोठीच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं. काल ती घरात आली तेव्हा कुत्री मोकळी होती ना, एवढंच विचारलं. त्यांच्या दिरांबद्दल, सासऱ्यांच्या त्या धाकट्या भावाबद्दल, काही सांगायला लागल्या, पण अर्ध्यावर सोडून परत तेच विचारलं.

मी हो म्हटलं. मोकळीच होती, म्हटलं.

का खोटं बोलले? का ते मला माहीत आहे. चार महिने ज्या एका शब्दासाठी झुरले तो मिळाला होता. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तोही पहिल्यांदाच.

रविवार, बारा

मास्तरला बाहेर सोडलं होतं. तो आत्ता आला. तोंडात हातमोजा. पिवळा, चिंब ओला, आतून चिखल.

खुंटीवर दोन आहेत. मी मोजले. परत मोजले. दोन.

मी तो खिशात घातला. कोणाला दाखवला नाही — दाखवायला हवा होता, तेव्हाच ओरडायला हवं होतं —

नवरा बाहेर शीळ घालत गाडीची काच पुसतोय. दोन वर्षांत त्याची शीळ कोणी ऐकली नव्हती.

रविवार, दोन

चार वाजता निघायचं ठरलंय. निघालो तर मागे —

काल संध्याकाळपासून. त्या थंडीत. एका स्वेटरवर. आणि मी जेवले, झोपले.

आता सांगते. सगळ्यांना सांगते. जिन्यापर्यंत गेले. ती वाटेत बसली होती. कुठे निघालीस आई, म्हणाली. हात धरला. हाताला ऊब नाही. पण किती घट्ट धरते. खरी चिंगी माझा हात कधी धरणार होती —

हे मी लिहिलं. देवा, हे मी लिहिलं.

रविवार, साडेतीन

नवरा आणि सासरे उतारावर गाडी ढकलताहेत, चालू होत नाही. सासूबाई वर सामान बांधताहेत. खाली आम्ही दोघी आणि मास्तर.

दारावर टकटक. खूप खाली. कडीच्याही खाली.

मास्तर बसला. कालपासून पहिल्यांदा. दाराकडे तोंड करून, शेपूट फरशीवर आपटतोय.

बाहेरून आवाज. बारीक. खोकला. मग — ऐका ना.

ऐका ना.

ही मांडीवर येऊन बसली आहे. काय लिहितेस आई, विचारते. उघडू नकोस म्हणते. ती तुला कधीच आई म्हणणार नाही, मी म्हणेन, रोज म्हणेन —

लिहीत राहिलं की उठावं लागत नाही. म्हणून लिहितेय. मला कळतंय मी काय करतेय.

टकटक हळू झाली. एकदाच. मग बराच वेळ काही नाही.

मास्तरची शेपूट थांबली. तो माझ्याकडे बघतोय. मला नाक लावायला येत नाही.

नाही. नाही. उठते. ही गळा सोडत नाही, आई आई चाललंय कानात — म्हणू दे — दार चार पावलांवर आहे — चिंगे, आले गं, मी ऐकतेय, तू बोलत राहा, मी ऐक